शेजारच्या खुर्चीवरून: आठवणींचे व्हीआर बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी व्हीआर कार्यक्रम बनवणारे, विकणारे आणि वृद्धसेवा केंद्रांत ते चालवणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

माझे बाबा 83 वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. आठवड्यातले तीन दिवस ते एका डे-केअर केंद्रात जातात आणि गेल्या वर्षी तिथे तुमच्यापैकी कुणाचा तरी व्हीआर हेडसेट आला, डोळ्यांवर चढवला की चारी बाजूंना आभासी जग दिसतं तो. बाबांनी त्यात पहिल्यांदा काढलेल्या अकरा मिनिटांची एक नोंद तुमच्याकडे जमा आहे: टॅबलेटवरच्या तीन चेहऱ्यांपैकी हसरा चेहरा. मी तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. माझी नोंद थोडी लांब आहे.

आधी चष्मा काढावा लागला, कारण तो हेडसेटच्या आत मावेना. मग पट्टा आवळताना उजव्या कानातलं श्रवणयंत्र दाबलं गेलं आणि त्याची शिट्टी वाजायला लागली, म्हणून तेही काढलं. नव्या जगात पाऊल ठेवायच्या आत बाबांचे डोळे आणि कान दोन्ही टेबलावर. केंद्रातली स्वयंसेवक मुलगी उत्साही होती, मनापासून प्रेमळही. तिने विचारलं, "आजोबा, कुठे जायचं? समुद्र, डोंगर की बर्फ?"

बाबा म्हणाले, "परत किती वाजता यायचं?"

ती हसली. बाबांनी मात्र विनोद केला नव्हता. हल्ली कुठेही निघायचं म्हटलं की त्यांना पहिली काळजी परतीची असते.

मग समुद्र आला. खाली मासे, वर पाणी, मध्येच एक देवमासा. बाबा मान न हलवता सरळ बसून राहिले आणि थोड्या थोड्या वेळाने म्हणत राहिले, "छान आहे. फार छान. झालं का?" हा आवाज मला ओळखीचा आहे. नाव आठवत नसलेला माणूस घरी आला की बाबा असेच बोलतात. अतिशय सभ्यपणे, काही चुकू नये म्हणून जपून. स्मृतिभ्रंश झालेल्या पुष्कळ माणसांची ही सभ्यता बराच काळ टिकते आणि ती समोरच्याला हमखास फसवते. हेडसेट काढल्यावर मुलीने विचारलं, "आवडलं ना?" बाबा म्हणाले, "हो तर." तिने हसरा चेहरा दाबला.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पुढच्या आठवड्यात मीच हौसेने एक उद्योग केला.

बाबा जुळारी होते. छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीने लावायची पट्टी, समोर केस, म्हणजे खिळ्यांची उथळ पेटी, केसमध्ये घरं, घरांत शिशाचे खिळे. नजर मजकुरावर आणि उजवा हात न बघता नेमक्या घरात. मी मुद्रितशोधनाचं काम करते ते त्यांच्यामुळेच, अक्षरं उलटी वाचायला मी सुलटी वाचण्याच्या जोडीनेच शिकले. तर मला तुमच्या संग्रहात एका जुन्या छापखान्याची चारी बाजूंनी फिरून बघता येईल अशी चित्रफीत सापडली. कुठल्या तरी संग्रहालयात घेतलेली असावी. मी मुद्दाम तीच लावायला सांगितली.

या वेळी बाबांची मान हलली. ते खाली वाकले. त्यांना केस दिसली होती. डावा हात पोटापाशी आला, अंगठा आत, बोटं बाहेर, स्टिक धरल्यासारखा. उजवा हात पुढे गेला, बोटं मिटली. हवा. पुन्हा गेला, पुन्हा मिटली. माझ्या पोटात आनंदाने गोळा आला होता, एवढं जिवंत काही मी त्यांच्यात कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. केंद्रातले आणखी दोघंतिघं बघायला जमले. चौथ्या-पाचव्या वेळी बाबांचा हात थांबला आणि ते म्हणाले, "खिळे कुणी उचलले?"

आम्ही समजावलं. हेडसेट काढला. पाणी दिलं. दुपारच्या जेवणापर्यंत हेडसेट, चित्रफीत, छापखाना सगळं त्यांच्या मनातून पुसलं गेलं होतं, मी विचारून खात्री केली. पण संध्याकाळपर्यंत ते स्वतःचे खिसे चाचपत होते, कपाटं उघडून बघत होते आणि केंद्रातून परत येताना त्यांनी माझ्या पिशवीतही डोकावून पाहिलं. काय शोधताय विचारलं तर सांगता येईना. आपलं काहीतरी कुणीतरी नेलंय, एवढंच शिल्लक होतं.

याला शास्त्रीय आधार आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्णांना थोड्या वेळाने धड सांगता येत नव्हतं, पण ती भावना त्यांच्यात पुढेही टिकून राहिली. तुमच्या माहितीपत्रकात याचा एक अर्थ दिसतो: 'अनुभव विसरला तरी आनंद उरतो.' बरोबर आहे. पण अस्वस्थताही तशीच उरते, आणि तिचं कारणच विसरलं गेल्यामुळे माणसाला तिच्याशी भांडताही येत नाही. ही बाजू मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसली नाही. तुमचा चेहरा-दाबा प्रश्न हेडसेट काढल्यावर लगेच विचारला जातो. तो संध्याकाळी सहाला घरच्यांना विचारून बघा.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असा ग्रह होण्याआधी त्याच केंद्रातल्या एका आजींबद्दल सांगते. त्या बरीच वर्षं चाकाच्या खुर्चीत आहेत. त्यांना जंगलाची साधीशी चित्रफीत लावली होती. त्या सगळा वेळ मान वर करून बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "खुर्चीतून मला सगळ्यांचे कमरेचे पट्टेच दिसतात. आज शेंडा दिसला." पुढचा पाऊण तास त्या झाडावर चढण्याबद्दल, फांदी मोडण्याबद्दल, भावाने घरी सांगितलं त्याबद्दल बोलत होत्या. हे काम पुस्तकातल्या चित्राने झालं नसतं. हेडसेटने केलं, आणि त्याचं श्रेय तुमचं.

पण आजींच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते नीट बघा. चित्रफीत सहा मिनिटांची होती, बोलणं पाऊण तासाचं. आणि ते ऐकायला खुर्चीशेजारी माणूस होता.

आठवणींच्या आधाराने वृद्धांशी काम करायची ही सगळी पद्धत मुळात सांगण्यावर उभी आहे, दाखवण्यावर नाही. म्हातारी माणसं जुन्याच गोष्टी उगाळत बसली की ते बुद्धी सरकल्याचं लक्षण मानून त्यांना त्यातून बाहेर काढायचा सल्ला एके काळी डॉक्टरही देत. 1963 मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने उलटं मांडलं. आयुष्याच्या शेवटी मागे वळून हिशेब लावणं हे स्वाभाविक आणि गरजेचं काम आहे, तो आजार नव्हे. या कामाला त्याने 'लाइफ रिव्ह्यू' असं नाव दिलं. पुढे 1983 मध्ये लंडनमध्ये पॅम श्वाइट्झर यांनी एज एक्स्चेंज ही संस्था काढली. तिथे वृद्ध आपल्या आठवणी सांगत आणि नाटकवाले त्यावरून नाटक उभं करत. क्रम लक्षात घ्या. आधी सांगणारा, मग दृश्य. तुमच्याकडे दृश्य आधी तयार असतं, संग्रहात मांडून ठेवलेलं, आणि सांगणाऱ्याला त्यातून एक निवडायचं असतं. समुद्र, डोंगर की बर्फ.

हा क्रम उलटला की काळाचाही घोळ होतो. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी आधी जातात, जुन्या जास्त टिकतात. थेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने स्मृतीच्या आजारांबद्दल हे 1881 मध्येच लिहून ठेवलंय. त्यातही माणसाला उतारवयात सगळ्यात दाट आठवतात ती साधारण दहा ते तीस या वयातली वर्षं. बाबांच्या बाबतीत ती 1950 च्या दशकापासून 1970 च्या सुरुवातीपर्यंतची. आता तुमच्या जाहिरातीत 'बालपणीच्या गल्लीत पुन्हा फेरफटका' असं लिहिलेलं असतं. ती गल्ली तुम्ही आणता कुठून? रस्त्यावरून गाडी फिरवून चारी बाजूंची छायाचित्रं घेणारी गूगल स्ट्रीट व्ह्यू सेवा सुरू झाली 2007 मध्ये. म्हणजे तुम्ही आज 83 वर्षांच्या माणसाला जी 'त्याची' गल्ली दाखवता ती फार तर त्याच्या पासष्टीतली आहे. घर पाडलेलं, झाड तोडलेलं, ओळखीची पाटी गेलेली. ज्याची स्मृती शाबूत आहे तो म्हणेल, "किती बदललं!" आणि त्यातून छान गप्पा होतील. ज्याची नाही तो म्हणेल, "हे आमचं घर नाही." आणि मग तो उरलेला दिवस घर शोधत बसेल.

यावर उपाय म्हणून आता तुमच्यापैकी काहीजण जुन्या फोटोंवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने तो काळच नव्याने उभा करायला निघाला आहात, असं ऐकते. एका फोटोत दाराचा अर्धा भाग दिसतो, उरलेला अर्धा यंत्र भरून काढतं. मुद्रितशोधक म्हणून मला याची भीती वाटते. वाचता न येणाऱ्या शब्दाच्या जागी अंदाजाने बरा दिसणारा शब्द घालायचा नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सेगोव्हिया आणि बेलेन्सन या संशोधकांनी लहान मुलांना व्हीआरमध्ये देवमाशांबरोबर पोहताना दाखवलं. काही दिवसांनी त्यातल्या काही मुलांना ते खरंच घडलं होतं असं वाटत होतं. कुठली गोष्ट पाहिली, कुठली ऐकली, कुठली प्रत्यक्ष घडली, हा निवाडा करणारी शक्ती लहान मुलांत कच्ची असते. स्मृतिभ्रंशात ती ढासळत जाते. बाबांच्या उरलेल्या चार आठवणींत यंत्राने भरलेलं दार एकदा मिसळलं, की ते वेगळं काढायला कुणीच उरणार नाही. मला तर ते दार माहीतच नव्हतं.

आणि कृपा करून मेलेल्या माणसांना बोलतं करू नका. 2020 मध्ये दक्षिण कोरियातल्या एका वाहिनीने एका आईला तिच्या वारलेल्या मुलीची व्हीआरमध्ये भेट घडवली, ते जगभर पाहिलं गेलं. ती आई काय होतंय ते पुरतं जाणून होती. तिच्या निर्णयावर मी बोलणार नाही. पण माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली आणि बाबा ते कधी विसरतात, कधी त्यांच्या लक्षात असतं. विसरले असतील तेव्हा आई बोलताना दिसली तर ते तिला शोधत घरभर फिरतील. लक्षात असेल तेव्हा दिसली तर काय होईल, याची मला कल्पनाही करायची नाही.

आता पुराव्याबद्दल, कारण केंद्रचालकांना तुम्ही 'स्मरणशक्ती सुधारते' असं सांगता. आठवणी जागवण्याच्या या पद्धतीवरच्या 22 अभ्यासांचा, म्हणजे सुमारे दोन हजार रुग्णांवरच्या कामाचा, कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा 2018 मध्ये आला. त्यात फायदे दिसले, पण छोटे, आणि सगळीकडे सारखे नाहीत. कुठे राहणाऱ्या रुग्णांबरोबर, एकट्याने की गटात, यावर ते बदलत होते. त्याआधी 2012 मध्ये ब्रिटनमध्ये 488 जोड्यांवर, म्हणजे रुग्ण आणि त्याची काळजी घेणारी घरची व्यक्ती अशा जोड्यांवर, एक मोठी चाचणी झाली. दोघांनी एकत्र गटात बसून आठवणी काढायच्या. रुग्णांच्या जीवनमानात ठळक फरक पडला नाही आणि दहा महिन्यांनी काळजीवाहकांची चिंता उलट वाढलेली आढळली. हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. बाबांनी एखादी गोष्ट संपूर्ण, नावागावासकट सांगितली की त्या रात्री मला झोप येत नाही. रोज हळूहळू पुसट होणारा माणूस अचानक पूर्ण दिसतो आणि किती गेलंय त्याचं माप हातात येतं. तुमच्या एकाही प्रश्नावलीत शेजारच्या खुर्चीसाठी रकाना नाही.

व्हीआरवरचे अभ्यास याहून कितीतरी लहान आणि कमी काळाचे आहेत. बहुतेक रुग्ण हेडसेट सहन करतात, बऱ्याच जणांना तो आवडतो, काहींचा कंटाळा आणि उदासीनता तेवढ्यापुरती कमी होते. एवढं म्हणता येतं, आणि एवढं पुरेसं आहे. सहा मिनिटं शेंडा बघायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. त्यावर 'बुद्धीची घसरण थांबवते' असलं लेबल कशाला चिकटवता? जगात 5.7 कोटी लोक स्मृतिभ्रंश घेऊन जगत आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा आकडा आहे. त्यातल्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी रात्री जागून असली लेबलं वाचत असतं.

यंत्राच्या बाजूचंही थोडं बोलते, कारण ते तुम्ही दुरुस्त करू शकता. इव्हान सदरलंड या संगणकतज्ज्ञाने 1968 मध्ये डोक्यावर घालायचं पहिलं असं यंत्र केलं, ते छताला टांगावं लागायचं. आजचे हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास आले, ही प्रगतीच. पण मानेचे मणके झिजलेल्या माणसासाठी पुढे लटकणारा अर्धा किलो जड असतो. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय आणि कानातला तोल सांगतो आपण बसलोय, या भांडणातून मळमळ येते. तरुण माणूस "चक्कर येतेय" म्हणून हेडसेट काढतो. बाबा "घरी जायचं" म्हणतात. ते वाक्य ते दिवसातून वीस वेळा म्हणतात, त्यामुळे तिकडे कुणी लक्ष देत नाही. तेव्हा प्रेक्षकाला पुढे सरकवणारी दृश्यं या माणसांसाठी बनवूच नका. दृश्य स्थिर असू द्या, हवी तर मान वळेल. हातांच्या खुर्चीत बसवा, फिरत्या खुर्चीत नको, आणि काढल्यावर पाच मिनिटं उठू देऊ नका. ज्यांना लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे त्यांना नसलेली माणसं आणि प्राणी एरवीच बऱ्याचदा दिसत असतात. अशांना हेडसेट चढवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं हा सौजन्याचा भाग नव्हे, ती अट असायला हवी. चष्मा आणि श्रवणयंत्र यांच्यासकट घालता येत नसेल तर तो हेडसेट वृद्धांसाठी बनवलेला नाही, पेटीवर पांढऱ्या केसांच्या बाईचं चित्र असलं तरी.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र वेगळीच आहे. हेडसेट घातला की बाबांचा चेहरा झाकला जातो. भुवया, डोळे, कपाळ. त्यांच्या तोंडचे शब्द कमी झाल्यापासून मी त्यांना तिथूनच वाचते. आणि त्यांना मी दिसत नाही. ते काय पाहताहेत ते मला दिसत नाही, मी शेजारी आहे हे त्यांना दिसत नाही. ज्या कामाला दोन माणसं लागतात त्यासाठी तुम्ही एकट्याचं यंत्र आणलंय.

हे बदलता येतं, आणि आम्ही केंद्रात थोडंफार बदललंही. तिसऱ्या वेळी मी हट्टाने हेडसेटमधलं चित्र टॅबलेटवर घ्यायला लावलं. ती सोय तुमच्या यंत्रात होती, तिसऱ्या पानावरच्या चौथ्या मेनूत. चष्म्यासाठी मधे बसवायची चौकट मागवून घेतली. बाबांच्या हातावर माझा हात ठेवला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. केस दाखवणारी चित्रफीत टाळून त्याच संग्रहातली ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायची छपाईची मशीन, चालतानाची लावली, जिथे हात घालायचं काही कारण नव्हतं. श्रवणयंत्र जागेवर होतं, आवाज बाहेरच्या स्पीकरवर. मशीनचा ताल सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला बाबा म्हणाले, "शाई जास्त झालीय." मी टॅबलेटवर पाहिलं, मला तर काही कळेना. विचारलं, "कशावरून?" ते म्हणाले, "आवाजावरून. रुळावर जास्त शाई झाली की चिकटून सुटल्यासारखा आवाज येतो." मी हळूच हेडसेट काढला. ते बोलतच राहिले. आवाजावरून रात्रपाळीचा फोरमन कळायचा तो कसा, फर्मा, म्हणजे छापायला बांधून ठेवलेली जुळणी, निसटून जमिनीवर सांडला तो दिवस, आणि सगळे खिळे वेचून परत घरांत टाकायला लागलेली रात्र. ते रात्रीचं मी कधीच ऐकलं नव्हतं. आई म्हणे सकाळी डबा घेऊन आली आणि तीही खिळे वेचायला बसली. तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं.

हेडसेट डोक्यावर अडीच मिनिटं होता. तुमच्या अहवालात ते सत्र 'अपूर्ण' असं नोंदवलं गेलंय. वीस मिनिटांचं ठरलेलं होतं ना.

त्यानंतर मी एका बंद पडलेल्या छापखान्यातून मूठभर खिळे मागून आणले. ते आता घरात एका ताटलीत असतात. बाबा एक उचलतात, अंगठ्याने खाच चाचपतात, खाच योग्य बाजूला आली की थांबतात. कधी बोलतात, कधी नाही. हेडसेटपेक्षा हे श्रेष्ठ, असं मी म्हणणार नाही. मशीनचा तो आवाज ताटलीत नव्हता, आणि त्याच्याशिवाय मला सांडलेला फर्मा कळला नसता. पण तुम्ही हेडसेटच्या पेटीत एक कागद घालू शकता: या माणसाच्या हातांना काय करायची सवय होती, ते घरच्यांना विचारा आणि ती वस्तू जवळ ठेवा. सुईदोरा, पाना, खडू, चाव्यांचा जुडगा, काहीही. दृश्य डोळ्यांसमोर असताना हात रिकामे राहिले की काय होतं ते वर लिहिलंय.

मागण्या एवढ्याच आहेत. टॅबलेटवर दिसणारं चित्र ही आपोआप सुरू होणारी गोष्ट असू द्या, मेनूत पुरू नका. थांबवण्याचं मोठं बटण शेजाऱ्याच्या हातात द्या. दर दोन मिनिटांनी यंत्राने स्वतः थांबावं आणि शेजाऱ्याला विचारावं, 'बोलताहेत का?' बोलत असतील तर पडदा काळा होऊ द्या आणि ते सत्र पूर्ण झालं असं धरा. मिनिटं मोजायचीच असतील तर हेडसेट काढल्यानंतरच्या बोलण्याची मोजा. दृश्य निवडण्याआधी जन्मसाल आणि व्यवसाय विचारा, 'आवडतं पर्यटनस्थळ' नंतर. यंत्राने रचलेला भाग चित्रात असेल तर घरच्यांना तो स्पष्ट दाखवा. संमती दर वेळी नव्याने घ्या, मागच्या महिन्यात मुलीने सही केली म्हणून आज बापाच्या डोक्यावर पट्टा आवळू नका. त्याने हात वर करून पट्टा ढकलला, की ते उत्तर आहे. आणि जे फोटो, जे आवाज, नजर कुठे किती वेळ थांबली याच्या ज्या नोंदी तुमच्याकडे जमतात, त्या कुणाच्या मालकीच्या आहेत ते एका पानात, मोठ्या अक्षरात लिहून द्या. अक्षर सोळा पॉइंटच्या खाली नको, हे जुळाऱ्याच्या मुलीचं मत समजा.

केंद्रचालकांना वेगळं एकच सांगते. हेडसेट घेण्याआधी सगळ्यांचे कान आणि चष्म्याचे नंबर तपासून घ्या. अर्ध्या लोकांना त्यानंतर हेडसेट लागणार नाही, असा माझा अंदाज आहे. आणि तो घेतलात तर त्याच्याबरोबर एका माणसाचा वेळही घ्या. 'एक कर्मचारी एका वेळी आठ जणांना अनुभव देऊ शकतो' हे वाक्य मी विक्रीच्या पत्रकात वाचलंय. आठ झाकलेले चेहरे एका खोलीत, आणि सगळे गप्प. कर्मचाऱ्यांची सोय होते, नाही म्हणत नाही. पण मग त्याला आठवणींचा उपचार म्हणू नका, शांतता राखण्याचं साधन म्हणा आणि त्याच नावाने विका.

तुम्हाला पुढच्या आवृत्तीसाठी कुणी तपासून बघायला हवं असेल तर आम्ही दोघं तयार आहोत. बाबा मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्यात बरे असतात. दुपारी चारनंतर नको, तेव्हा त्यांची घरी जायची घाई सुरू होते, मग ते घरीच असले तरी. येताना ट्रेडलचा आवाज पूर्ण लांबीचा घेऊन या. तुमच्या संग्रहातला तीन मिनिटांनी तुटतो, आणि मशीन मधेच का थांबवली असं बाबा विचारतात.

आपली,
एका जुळाऱ्याची मुलगी